मुलगा येईपर्यंत थांबायचं की नाही?

निशिगंध
सोसायटीच्या ग्रुपवर काल एकाने लिहिलं, "पोरं डॉलर मोजायला गेली आणि आईबाप शीतपेटीत गारठतात. दिवस मावळायच्या आत अग्नी द्या, येईल त्याने अस्थी बघाव्यात." त्यावर अंगठ्यांचा पाऊस! माझा भाऊ सिॲटलला असतो. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा आम्ही ३८ तास थांबलो. तो आला, बॅग दारातच टाकली आणि आईच्या पायाशी बसून तिच्या टाचेच्या भेगांवरून अंगठा फिरवत राहिला. ती दहा मिनिटं त्याला नाकारणारे हे कोण?

कोकणी_काका
ताई, तुम्हाला शीतपेटी मिळाली म्हणून जमलं. आमचे वडील गेले ते भर पावसाळ्यात, थोरला मुंबईहून यायचा आणि घाटात दरड. बर्फाच्या लाद्या आणल्या. वितळलेलं पाणी माजघरातून पडवीत येत होतं आणि आई जुन्या लुगड्याने ते पुसत होती. मढं घरात असेपर्यंत वाडीत चूल पेटत नाही, शेजारची पोरंही चहा-बिस्किटांवर. थोरला दुसऱ्या दिवशी पोचला तेव्हा चेहरा बघवत नव्हता. तोच चेहरा आजही त्याच्या डोळ्यांपुढे येतो. त्या माणसाची भाषा वाईट, पण म्हणणं खोटं नाही.

उंबरठा
पण थांबायचं ते मुलासाठीच का? घरात मुलगी असताना? बाबांच्या वेळी मडकं मी खांद्यावर घेतलं. काका रागावून स्मशानातून निघून गेले, दहाव्यालाही आले नाहीत. अग्नी द्यायचा तो दिलाच.

रात्रपाळी
तुम्हाला थांबायचं की नाही हे ठरवता तरी आलं. सासरे पहाटे ३ वाजता घरीच गेले. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन बंद. दुसरे म्हणाले, "मी यांना तपासलेलं नाही, सही देणार नाही." मृत्यूच्या कारणाचा दाखला नाही म्हणून दहनाचा पास नाही, पास नाही म्हणून स्मशानात घेत नाहीत. त्यांनी नेत्रदानाचा अर्ज भरला होता. डोळे ६ तासांच्या आत काढावे लागतात, आम्हाला सही मिळाली सकाळी १० वाजता. त्यांची शेवटची इच्छा एका कागदापायी गेली.

दवाखानेवाला
न पाहिलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण कसं लिहायचं? घरी झालेल्या मृत्यूसाठी या दाखल्याचा ४-अ नमुना असतो, त्यात शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्यानेच कारण लिहायचं. एकदा घरच्यांचं रडणं बघून मी सही दिली. पुढे भावाभावांत इस्टेटीचं भांडण लागलं आणि मी दोन वर्षं पोलीस ठाण्याच्या चकरा मारल्या.

रात्रपाळी
तुमच्या चकरा आणि आमच्या माणसाचे डोळे एका तराजूत घालू नका! १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात हा दाखला फी न घेता द्यायचा असं आहे. आमच्याकडे त्या सहीचे पैसे मागितले. पहाटे, प्रेत घरात असताना.

दवाखानेवाला
पैसे मागितले ते चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण तोच कायदा 'उपचार करणाऱ्याने' म्हणतो, येईल त्या डॉक्टरने नाही.

रात्रपाळी
मग नाही म्हणा, पण पुढे कुठे जायचं ते तरी सांगा. आम्हाला दारातूनच परत पाठवलं.

दवाखानेवाला
हे मान्य करावं लागेल. आम्ही सांगत नाही, सांगायला हवं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर डॉक्टरांना अधूनमधून घरी बोलवा, ताजी चिठ्ठी फाइलला लावा आणि रात्री कोण येईल हे आधीच विचारून ठेवा. धडधाकट माणूस अचानक गेला तर मात्र सरकारी रुग्णालय गाठावं लागतं, शवविच्छेदनाची तयारी ठेवून.

उंबरठा
मुलीचा मुद्दा राहिलाच. कुणीच उत्तर दिलं नाही.

कोकणी_काका
देतो. आमची बहीण तेव्हा घरातच होती. तिने अग्नी द्यावा हे कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही.

निशिगंध
काका, लाद्यांचं वाचून मी गप्प झाले. पेटी सगळीकडे मिळते असं धरूनच लिहिलं होतं. तरी कुणासाठी किती थांबायचं हे घरच्यांनीच ठरवायचं, ग्रुपने नाही.

कोकणी_काका
घरच्यांनी म्हणजे कुणी? आम्ही भावांनीच ठरवलं. आईला विचारलंच नाही. तेराव्यानंतर ती एवढंच म्हणाली, "त्यांना थंडी कधी सोसली नाही रे."