'बिहेवियर'ला 'एस' लावावा का?

पूर्णविराम: इंग्रजीतलं बिहेवियर, म्हणजे वर्तन, हे न मोजता येणारं नाम. आधी 'अ' नको, शेवटी 'एस' नको. अगदीच मोजायचं असेल तर 'टाइप्स ऑफ बिहेवियर' आहेच. तरी हल्ली अहवालांत 'बिहेवियर्स'चा सुळसुळाट झालाय. 'मुलांचे बिहेवियर्स सुधारले' म्हणजे नक्की काय सुधारलं? उशिरा येणं, शिवीगाळ, की गृहपाठ टाळणं? ते सांगायचं नसतं, म्हणून 'एस' लावून मोकळे होतात. संपादकांनी तो सरसकट खोडावा.

रानवाट: सरसकट का? प्राण्यांच्या अभ्यासात एथोग्राम नावाची यादी करतात. त्यात प्रत्येक कृतीची व्याख्या असते. उदा. पक्ष्याने चोच पिसांत घातली की 'पिसं साफ करणं' सुरू. चोच बाहेर काढून ठरलेल्या सेकंदांत परत घातली नाही, की संपलं. असं तासाभरात किती वेळा झालं, ते निरीक्षक मोजतो. ही एक कृती म्हणजे 'अ बिहेवियर', आणि यादीभर 'बिहेवियर्स'. वर्तनोपचारातही तेच. 'आक्रमकपणा' असा मोघम मोजता येत नाही, 'उघड्या हाताने दुसऱ्याला मारणं' मोजता येतं. दोन निरीक्षकांचे आकडे जुळले नाहीत, तर आधी व्याख्या तपासायची. तिथे 'टाइप्स ऑफ' घुसडलंत तर घोळ होईल, कारण प्रकार वेगळा आणि सुटी कृती वेगळी.

पूर्णविराम: अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या १९३८च्या पुस्तकाचं नाव 'द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स'. जीव अनेक, बिहेवियर एकच. शास्त्रज्ञाचंही भागलं की!

रानवाट: तिथे तो अख्खा विषय म्हणून आलाय. शीर्षकावरून व्याकरणाचा नियम काढणं म्हणजे ओढूनताणून झालं.

खडूफळा: तुमचं 'एस'वरून जुंपलंय, पण मराठी माणूस घसरतो तो भलतीकडेच. डोक्यात 'माझ्याशी' असतं, म्हणून 'हिज बिहेवियर विथ मी' लिहितो. तिथे 'टुवर्ड्स' हवं. 'हिज बिहेवियर इज शाय' हा आणखी एक नमुना. लाजाळू माणूस असतो, 'ही इज शाय' पुरे. नुसतं 'बिहेव!' म्हटलं तरी 'नीट वाग' असाच अर्थ होतो. 'बिहेव युवरसेल्फ'चाही तोच. म्हणून 'ही बिहेव्ड हिमसेल्फ बॅडली' कानाला खटकतं, 'हिमसेल्फ' उडवा. नोकरीतल्या शिस्तभंगाच्या पत्रात 'कंडक्ट' शोभतं. शिष्टाचाराला 'मॅनर्स', आणि तिथे 'एस' हवाच. 'मॅनर' म्हणजे नुसती पद्धत किंवा ढब.

तिरपागडा: आणि स्पेलिंगमधला 'यू'? अमेरिकेत गाळतात, ब्रिटनमध्ये ठेवतात. गंमत म्हणजे १७८७च्या अमेरिकी राज्यघटनेत न्यायाधीश 'गुड बिहेवियर' असेपर्यंत पदावर राहतात, आणि त्या मूळ मजकुरात 'यू' आहे.

पूर्णविराम: 'यू' ठेवा नाहीतर काढा, एका मजकुरात एकच करा म्हणजे झालं. रानवाट, सुरुवातीला व्याख्या दिली असेल तर तुमचा 'एस' चालवून घेऊ. व्यवस्थापनाच्या अहवालांत ती कधी दिसत नाही, तिथे लाल पेन.

रानवाट: व्याख्या दिल्यावर 'चालवून घेऊ' कसलं, मग तो हवाच! अहवालवाल्यांनाही खोडण्याआधी विचारा, नेमकी कोणती कृती? सांगता आली तर तीच लिहायला लावा. हां, 'बिहेवियर ऑफ स्टील अंडर लोड' याला कुणी 'एस' लावला तर खुशाल खोडा. भार वाढतो तसं पोलाद ताणलं जातं, त्यात सुट्या कृती नसतातच.