टीव्हीवर चार फटके दिसले, कार्डावर तीन पडले आणि खेळाडू थेट बाद: गोल्फचा हा नियम नेमका काय?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत रिव्हिएराच्या मैदानावर जेनेसिस इन्व्हिटेशनल स्पर्धेत गोल्फपटू जॉर्डन स्पीथ दुसऱ्या फेरीनंतर बाद झाला. चौथा होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवणं अपेक्षित. तिथं त्याचे चार फटके झाले होते, कार्डावर तीन लिहिले गेले आणि त्यावर त्यानं सही केली. सगळ्या जगानं चार मोजले होते. मग एका पुठ्ठ्याच्या कार्डावरून इतकी मोठी शिक्षा कशासाठी? दोन फटके दंड लावून भागलं नसतं का?

हे विचारायला कारण आहे. दिवाळीनंतर इकडं १८ होलांची एक छोटी स्पर्धा ठरतेय. चाळीस खेळाडू, बेळगाव, खानापूर, निपाणी आणि थोडे चंदगडकडचे. मराठी आणि कानडी बोलणारे दोन्ही आहेत. सुरुवात शॉटगननं, म्हणजे सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलांवरून सुटणार. कार्डांचं टेबल माझ्याकडं आलंय. स्पीथसारखा प्रसंग टेबलावर उभा राहू नये म्हणून काय काय बघायचं, ते जाणकारांनी सविस्तर सांगावं.

कॅम्पकर

दादा, आधी नियम. गोल्फच्या नियमावलीतल्या ३.३ब मध्ये तीन जणांची कामं वेगवेगळी वाटून दिलीत आणि बहुतेक घोळ ही वाटणी न कळल्यानं होतात.

मार्कर, म्हणजे दुसऱ्याचं कार्ड लिहिणारा (बहुधा गटातलाच खेळाडू), प्रत्येक होलनंतर खेळाडूला विचारून फटके लिहितो आणि शेवटी सही करतो. खेळाडू प्रत्येक होलचा आकडा तपासतो, स्वतः सही करतो आणि कार्ड लगेच समितीला देतो. बेरीज करणं समितीचं काम आहे, खेळाडूचं नाही. हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचं गणितही समितीकडंच. २०२३ च्या नियमांपासून तर खेळाडूला कार्डावर हँडिकॅप लिहिण्याचीही सक्ती नाही. खेळाडू फक्त अठरा चौकटींना बांधील आहे.

एखाद्या चौकटीत खऱ्यापेक्षा जास्त आकडा लिहून सही केली तर तो जास्त आकडा कायम राहतो. कमी लिहिला, किंवा चौकट रिकामी राहिली, तर बाद. स्पीथ या दुसऱ्या गटातला.

एकूण बेरीज बरोबर असली म्हणूनही सुटका नाही. १९५७ ची महिलांची यूएस ओपन, विंग्ड फूट क्लब. जॅकी पुंगनं २९८ फटक्यांत स्पर्धा संपवली, बेट्सी रॉल्सपेक्षा एकानं कमी. पण शेवटच्या फेरीत चौथ्या होलला सहा फटके झाले होते आणि कार्डावर पाच होते. बेरजेच्या जागी आकडा अगदी बरोबर. तरी ती बाद झाली आणि रॉल्स जिंकली. क्लबच्या सभासदांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी वर्गणी काढून पुंगला पहिल्या बक्षिसापेक्षा जास्त पैसे दिले.

उलट बाजूचं उदाहरण रॉबर्टो दि व्हिसेंझोचं. १९६८ ची मास्टर्स, शेवटचा दिवस, त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्या होलला त्यानं तीन फटक्यांत बर्डी (पारपेक्षा एक कमी) केली आणि मार्कर टॉमी अॅरननं चार लिहिले. दि व्हिसेंझोनं न बघता सही केली. ६५ चे ६६ झाले. बॉब गोल्बीबरोबर दुसऱ्या दिवशी प्लेऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारा जादा खेळ, व्हायचा होता, तो झालाच नाही. गोल्बी एका फटक्यानं जिंकला. मार्कर चुकला तरी भोगतो तो खेळाडू. गोल्बीनं काही गैर केलं नव्हतं, आणि तरीही त्या विजयावर लोक आयुष्यभर बोट ठेवत राहिले, याचं मला फार वाईट वाटतं.

सहीचंही तसंच. २००० साली बेल्फ्रीला बेन्सन अँड हेजेस स्पर्धेत पॅड्रिग हॅरिंग्टन तीन फेऱ्यांनंतर पाच फटक्यांनी पुढं होता. शेवटच्या फेरीआधी लक्षात आलं की पहिल्या फेरीच्या कार्डावर त्याची सहीच नाही. तो बाद झाला.

एवढं कडक का? मोठ्या स्पर्धेत पहिल्या दिवशी १५६ खेळाडू असतात. सरासरी ७२ फटके धरले तरी दिवसाला अकरा हजारांच्या वर फटके होतात, तेही शंभर-दीडशे एकरांत. कुस्तीत दोन मल्लांना एक पंच जवळून बघत असतो. इथं पंच बोटांवर मोजण्याइतके आणि बहुतेक फटके त्यांच्या नजरेआड. म्हणून खेळाडूनं सही करून दिलेला आकडा हाच पुरावा धरायचा, असा हा खेळ बांधलाय. तो पुरावा ढिला केला तर उरलेल्या १५५ जणांनी कशावर भरवसा ठेवायचा?

निपाणीकर

कॅम्पकर सर, इतिहास मान्य. पण आजच्या पीजीए टूरवर हा युक्तिवाद मला पटत नाही. तिथं प्रत्येक गटाबरोबर फटके नोंदवणारा माणूस चालतो, शॉटलिंक या टूरच्या नोंदयंत्रणेवर प्रत्येक फटका मोजलेला असतो. स्पीथचा चार हा आकडा कुणी लपवलेला नव्हता, लपवता आलाही नसता. तिथं बाद करून काय राखलं?

आणि नियम करणाऱ्यांनी स्वतःच माघार घेतलेली आहे. २०१७ ची महिलांची एएनए इन्स्पिरेशन स्पर्धा बघा. शनिवारी सतराव्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) लेक्सी थॉम्प्सननं चेंडू उचलून परत ठेवताना तो किंचित बाजूला ठेवला. पुट, म्हणजे भोकात ढकलायचा फटका, होता जेमतेम फूटभराचा. रविवारी एका प्रेक्षकाचा ईमेल आला आणि लेक्सी दोन फटक्यांनी पुढं असताना, बाराव्या होलनंतर तिला सांगितलं की चार फटके दंड: दोन चुकीच्या जागेचे आणि दोन चुकीच्या कार्डाचे. प्लेऑफमध्ये ती सो यॉन रयूकडून हरली. शनिवारी सही करताना दंड आहे हेच तिला ठाऊक नव्हतं! त्यानंतर २०१८ पासून कार्डाचे ते जादा दोन फटके गेले आणि टीव्ही बघून तक्रारी करणाऱ्यांसाठी दार बंद झालं. आता माहीत नसलेला दंड कार्डात आला नाही तर समिती तेवढा दंड मिळवते, बाद करत नाही.

सही करायची राहिली तर बाद करण्याऐवजी दोन फटके लावण्याचा स्थानिक नियमही समितीला आज लावता येतो. ते दोन फटके फेरीच्या शेवटच्या होलवर चढतात. म्हणजे आज हॅरिंग्टनची चूक दोन फटक्यांत मिटू शकते, आणि स्पीथची नाही. दोन्ही चुका घाईच्या आणि दोन्ही प्रामाणिक. जिथं प्रत्येक फटक्याची वेगळी अधिकृत नोंद होते, तिथं खरा आकडा लावावा आणि वर दोन फटके दंड द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅम्पकर

निपाणीकर, लेक्सीचा निर्णय क्रूर होता आणि तो बदलला हे चांगलंच झालं. पण ती दंडाबद्दल अनभिज्ञ होती. स्पीथनं चार फटके स्वतः मारले होते, ते त्याला माहीत नव्हते असं नाही. मोजलेला फटका लिहायचा राहणं आणि न कळलेला दंड राहणं यातला फरक नियमानं नीट पाळलाय.

दुसरं, एका फटक्याची किंमत बघा. २०२२ च्या प्लेयर्स स्पर्धेत आपला अनिर्बान लाहिरी कॅमरन स्मिथच्या एका फटक्यानं मागं राहिला. एकूण बक्षीस दोन कोटी डॉलर. विजेत्याला १८ टक्के म्हणजे ३६ लाख, दुसऱ्याला १०.९ टक्के म्हणजे २१ लाख ८० हजार. एका फटक्याला १४ लाख २० हजार डॉलर. एवढ्या पैशाच्या खेळात कमी लिहिलेला फटका पकडला गेला तरच दोन फटके जाणार असतील, तर ते काही राखण झाली नाही.

आणि शॉटलिंक पीजीए टूरकडं आहे. नियमाचं पुस्तक मात्र मास्टर्सच्या ऑगस्टाला आणि बेळगावला एकच. नोंद ठेवणारी यंत्रणा आहे तिथं एक शिक्षा आणि नाही तिथं दुसरी, हे मला मान्य नाही.

जांबोटीकर

या दोघांचं चालू दे. टिळकवाडीकर दादा, तुमच्या टेबलाचं बोलू.

चाळीस जण म्हणजे चौघांचे दहा गट. शॉटगनमध्ये सगळ्यात मोठा धोका चौकटींचा. सातव्या होलवरून सुरू करणारा गट पहिला आकडा पहिल्या चौकटीत लिहून मोकळा होतो आणि मग अठराच्या अठरा आकडे सरकतात. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा पडणारच आणि नियमानं ते कार्ड बाद. म्हणून कार्ड देण्याआधी प्रत्येक गटाच्या सुरुवातीच्या होलची चौकट लाल पेनानं गोल करून ठेवा. दहा गट, चाळीस कार्डं, अर्ध्या तासाचं काम.

कार्डांची अदलाबदल टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) सगळ्यांच्या समोर करायला लावा. २००३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये मार्क रो आणि येस्पर पार्नेविक अदलाबदल करायलाच विसरले. एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावाच्या कार्डावर गेले आणि दोघंही बाद. रोनं त्या दिवशी ६७ मारले होते. चौघांत पहिल्यानं दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, तिसऱ्यानं चौथ्याचं, चौथ्यानं पहिल्याचं. असं फिरवलं की विसरायला जागा राहत नाही. जोडीची स्पर्धा ठेवलीत तर जोडीदाराला मार्कर करता येत नाही, तेवढं लक्षात घ्या.

आकडे. हा आपल्या भागातला खास प्रश्न. कुणी मराठी आकडे लिहील, कुणी कानडी, कुणी इंग्रजी. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार घाईत इंग्रजी आठ होतो. सुरुवातीच्या सूचनेतच सांगा की सगळ्यांनी इंग्रजी आकडेच लिहायचे. तोंडी सूचना मराठीत आणि कानडीत दोन्ही द्या. मोठ्या वयाची माणसं इंग्रजी सूचनेला मान हलवतात आणि विचारायचं राहून जातं.

पेन्सिल द्या, बॉलपेन नको. दिवाळीनंतरही एखादी सर येते आणि सकाळी दव असतंच. ओल्या कार्डावर बॉलपेन उठत नाही आणि शाईचं पेन पसरतं. कार्डाच्या मापाची प्लास्टिकची पिशवी चाळीस जणांना पुरेल एवढी आणून ठेवा. खाडाखोड झाली तर घाबरू नका, प्रत्येक दुरुस्तीवर छोटी सही हवी असा नियम नाही. आकडा वाचता आला पाहिजे, बस्स.

लिहायची जागा ग्रीन नव्हे. मागचा गट खोळंबतो आणि घाईत फटका सुटतो. पुढच्या टीकडं जाताना मार्करनं "किती?" विचारायचं, खेळाडूनं सांगायचं, मग लिहायचं. हरवलेल्या चेंडूचा हिशोब इथंच चुकतो. शोधायला तीन मिनिटं (२०१९ च्या आधी पाच होती), सापडला नाही तर टीवर परत, आणि तिथून मारलेला फटका हा तिसरा. पावसाळ्यानंतर कडेचं गवत गुडघाभर असतं, हे वारंवार होणार. राखीव चेंडू मारायचा तर "प्रोव्हिजनल" असं आधी मोठ्यानं सांगावं लागतं. न सांगता मारला की तोच खेळातला चेंडू होतो आणि एक दंडही बसतो.

नियमाबद्दल शंका आली आणि पंच जवळ नसला तर खेळाडूला दोन चेंडूंनी तो होल पुरा करता येतो. कुठला चेंडू धरायचा ते पुढचा फटका मारण्याआधी मार्करला सांगायचं. पण कार्ड देण्याआधी टेबलावर हे बोललंच पाहिजे, दोन्हींचे फटके सारखे आले तरी. न सांगितल्यास बाद. म्हणून प्रत्येक कार्ड घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: "कुठं दोन चेंडू खेळलात का?"

आता टेबल. शॉटगनमध्ये सगळे गट जवळपास एकाच वेळी येतात, दहा मिनिटांत चाळीस माणसं अंगावर येतील. टेबलाभोवती दोरी बांधा आणि एका वेळी एकच गट आत घ्या. दोरीच्या आत असेपर्यंत कार्ड दुरुस्त करता येतं, बाहेर पाऊल पडलं की कार्ड दाखल, हे आधीच फलकावर लिहा. मार्करनं अठरा आकडे मोठ्यानं वाचायचे, खेळाडूनं ऐकून हो म्हणायचं, मग दोघांच्या सह्या, मग तुम्ही रिकामी चौकट आणि सह्या बघायच्या. एका कार्डाला मिनिटभर पुरतं. चहा-नाश्ता दोरीच्या बाहेर आणि लांब ठेवा. आत पोहे आले की कार्ड कोण वाचतंय!

मार्कर एखाद्या आकड्यावर अडला आणि सही करत नसला तर तुम्ही तडजोड करू नका. समितीतल्या दोघांनी दोघांचंही ऐकून निर्णय द्यायचा.

सही राहण्याबद्दल निपाणीकरांनी सांगितलेला दोन फटक्यांचा स्थानिक नियम तुम्ही जरूर लावा. पण तो पहिल्या टीच्या आधी लेखी लावलेला असावा. संध्याकाळी बक्षिसांच्या वेळी आठवला तर उपयोग नाही.

टिळकवाडीकर

जांबोटीकर, लाल गोलाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. एकच राहिलं: नेट, म्हणजे हँडिकॅप वजा केलेले फटके सारखे आले तर? प्लेऑफला वेळ नाही, सहाच्या आत उजेड जातो.

जांबोटीकर

मग कार्डावरूनच ठरवा, पण पद्धत आधी जाहीर करून. शेवटचे नऊ होल ज्याचे चांगले तो वर, तिथंही बरोबरी झाली तर शेवटचे सहा, मग तीन, मग अठरावा. नेटसाठी त्या टप्प्यावर हँडिकॅपचा तेवढाच हिस्सा वजा करायचा: नऊला निम्मा, सहाला एक तृतीयांश, तीनला एक षष्ठांश. अपूर्णांक तसेच ठेवा. शॉटगन असली तरी शेवटचे नऊ म्हणजे दहा ते अठरा क्रमांकाचेच होल धरायचे, त्या गटानं शेवटी खेळलेले नव्हेत. नाहीतर सातव्यावरून सुटलेल्याची आणि पंधराव्यावरून सुटलेल्याची वेगवेगळ्या होलांवर तुलना होईल.

निपाणीकर

आणि हे हिशोब दोघांनी वेगवेगळे करून मग ताडून बघा. बेरीज समितीची जबाबदारी आहे. ती चुकली तर खेळाडू बाद होत नाही, पण बक्षीस चुकीच्या हातात जातं आणि ते परत मागायची वेळ येते.