पाचव्या गोलंदाजाची दोन षटके

विषय: सोलापूर संघाचा रविवारचा सामना

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी विजापूर रस्त्यालगतच्या मैदानावर झालेला आपल्या संघाचा सामना सात धावांनी हातचा गेला. प्रतिस्पर्ध्यांनी ९७ धावा केल्या आणि आपला डाव ६ बाद ९० वर थांबला. संघाच्या साहित्यासाठी आपण सर्वांनी आपुलकीने हातभार लावला आहे, त्यामुळे नुसता निकाल कळवून थांबणे मला योग्य वाटत नाही.

सामना दहा षटकांचा होता. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे सामने सकाळी सातला सुरू करून ऊन तापायच्या आत संपवावे लागतात, आणि यंत्रमागाचा कारखाना, औषधाचे दुकान किंवा शाळा सांभाळून खेळणाऱ्यांना त्याहून लांबीचा खेळ झेपतही नाही. चेंडू सीझनचा, म्हणजे चामडी होता आणि खेळपट्टी मुरमावर ताणून बसवलेल्या काथ्याच्या मॅटची. पहिली तीन षटके पॉवरप्लेची असतात आणि त्या वेळी तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. एका गोलंदाजाला जास्तीत जास्त दोन षटके टाकता येतात. माझ्या मते रविवारच्या पराभवाचे मूळ या शेवटच्या नियमात आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

दहा षटके आणि प्रत्येकी दोन, म्हणजे पाच गोलंदाज लागतातच. आपल्याकडे भरवशाचे चार आहेत: दोन वेगवान, एक डावखुरा फिरकी आणि एक मध्यमगती. पाचवे आपले शिक्षक. ते मुळात मधल्या फळीतले फलंदाज असून गरजेपुरती ऑफस्पिन टाकतात. कर्णधाराने त्यांची षटके शक्य तितकी मागे ठेवली आणि सात षटके होईपर्यंत ते धोरण फार यशस्वी वाटत होते, कारण प्रतिस्पर्ध्यांची अवस्था ४ बाद ५२ होती आणि आमच्या बाजूचे प्रेक्षक मांडवात उभे राहून टाळ्या वाजवत होते. परंतु तेव्हा मध्यमगती गोलंदाजाचे एक आणि शिक्षकांची दोन अशी तीनच षटके उरली होती. एकाच गोलंदाजाला लागोपाठ दोन षटके टाकता येत नाहीत. त्यामुळे आठवे षटक शिक्षकांचे, नववे मध्यमगतीचे आणि दहावे पुन्हा शिक्षकांचे, याखेरीज त्या पाच जणांत दुसरा क्रम लागूच शकत नव्हता. डावातले सर्वांत कठीण षटक सर्वांत कमी गोलंदाजी करणाऱ्याच्या वाट्याला अशा रीतीने आले.

आठव्या षटकात सतरा धावा गेल्या. त्याच षटकात पश्चिमेकडच्या सीमारेषेवर एक झेल सुटला. खेळपट्टी दक्षिणोत्तर असल्यामुळे फलंदाजांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही, पण त्या बाजूचा क्षेत्ररक्षक नेमका कोवळ्या उन्हाकडे तोंड करून उभा असतो आणि उंच उडालेला चेंडू त्याला क्षणभर दिसेनासा होतो. नवव्या षटकात सातच धावा निघाल्या. दहाव्यात एकवीस गेल्या.

आपल्या डावाची सुरुवात चांगली झाली होती, चार षटकांत ४१. पुढच्या तीन षटकांत मात्र एकोणीसच धावा झाल्या आणि अखेरच्या षटकात सोळा हव्या असताना आठ निघाल्या.

शिक्षकांना दोष देणे मला मान्य नाही. चौथे आणि सहावे षटक, म्हणजे पॉवरप्ले संपून क्षेत्ररक्षण पांगल्यावरची षटके, त्यांना दिली असती तर हेच चेंडू इतके महागात पडले नसते. आपले मत अवश्य कळवावे.

आपला,
सोलापूर संघाचा व्यवस्थापक

विषय: उत्तर: सोलापूर संघाचा रविवारचा सामना

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. निदान पटले, उपाय मात्र अर्धाच पटला. पाचव्या गोलंदाजाला चौथ्या षटकापर्यंत तरी का थांबवायचे? त्याला डावातले दुसरेच षटक द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे मेलबर्नच्या उपनगरांतले खालच्या श्रेणीचे सामने काँक्रीटवर अंथरलेल्या कृत्रिम हिरवळीच्या पट्टीवर होतात. तिच्यावर चेंडू एकसारखा उसळतो, आणि ज्याची फिरकी फारशी वळत नाही त्याला कोणीही उभ्या उभ्या फटकावतो. काथ्याची मॅट निराळी असते. ती चेंडू पकडते, चेंडू थांबून आणि उंच येतो, आणि पहिल्या षटकात वेगवान गोलंदाजाला सरावलेल्या फलंदाजाचा फटका हमखास लवकर पडतो. कोवळ्या वयात त्या मॅटवर खेळल्यामुळे तिचा स्वभाव मला चांगला माहीत आहे. शेवटच्या षटकात हा फायदा उरत नाही, कारण तोवर फलंदाज स्थिरावलेला असतो आणि त्याला बाद होण्याचे भय नसते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पाचव्या गोलंदाजाचा हात त्या दिवशी कसा चालतो आहे, हे दुसऱ्याच षटकात कळले तर कर्णधाराकडे आणखी आठ षटके शिल्लक असतात. हात चालला तर त्याच्या वाट्याचे उरलेले षटकही त्यालाच द्यावे. नाही चालला तर ते सहाव्या कोणाकडून टाकून घेण्याची सोय करता येते. आठव्या षटकात तेच कळून काय उपयोग? तुमच्याकडे सहावा गोलंदाज तयार आहे की नाही, हे तू लिहिलेले नाहीस आणि मला तीच खरी उणीव दिसते.

शिक्षकांना माझा एक निरोप सांग. पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ साली आपल्याच सोलापुरात झाला. लोक त्यांना फलंदाज म्हणून ओळखतात, कारण कसोटीत भारताचे पहिले द्विशतक, १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध काढलेल्या २२३ धावा, त्यांच्या नावावर आहे. परंतु १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत त्यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, त्याच सामन्यात ऑफस्पिन टाकून १०७ धावांत पाच बळीही घेतले. फलंदाजाने चेंडू हातात घेताना संकोच बाळगण्याचे कारण नाही, आणि सोलापूरच्या फलंदाजाने तर नाहीच.

तुझा,
मेलबर्नचा काका

विषय: उत्तर: उत्तर: सोलापूर संघाचा रविवारचा सामना

आदरणीय काका, सादर प्रणाम.

आपले पत्र कर्णधाराला आणि शिक्षकांना वाचून दाखवले. कर्णधाराची बाजू इथे मांडणे मला आवश्यक वाटते, कारण त्याने ती षटके केवळ भीतीपोटी मागे ठेवलेली नव्हती. त्या मैदानाची एक बाजू आखूड आहे. ऑफस्पिन उजव्या फलंदाजाच्या अंगात येते आणि वळणाबरोबर मारलेला फटका नेमका त्या बाजूला जातो. प्रतिस्पर्ध्यांकडे मधल्या फळीत दोन डावखुरे होते, त्यांच्यासाठी चेंडू बाहेर वळेल या हिशेबाने तो थांबला होता. ते डावखुरे आले, पण एकेरी धाव घेऊन त्यांनी उजव्या फलंदाजालाच पुढे केले. विचार चुकीचा नव्हता, त्याची वाट पाहण्याची किंमत मात्र फार झाली.

आपल्या सूचनेवर त्याचा एकच आक्षेप होता. पॉवरप्लेमध्ये बाहेर दोनच क्षेत्ररक्षक असल्यामुळे वर्तुळावरून उचललेला प्रत्येक फटका चौकार ठरतो. त्यावर बराच वेळ बोलणे झाले आणि शेवटी शिक्षकांनीच डावातले दुसरे षटक मागून घेतले. चेंडू नवा आणि टणक असताना मॅटवर आपल्याला अधिक उसळी मिळते, असा त्यांचा नेटमधला अनुभव आहे. आखूड बाजू उजव्या फलंदाजाच्या ऑफला, म्हणजे वळणाबरोबरच्या फटक्याच्या उलट बाजूला येईल अशा टोकाकडून ते गोलंदाजी करतील आणि बाहेरच्या दोघांपैकी एक लाँग ऑनला, दुसरा डीप मिडविकेटला उभा राहील, असे ठरले आहे.

सहाव्या गोलंदाजाविषयीची आपली सूचना सर्वांना मनापासून पटली. सोलापूरच्याच अर्शिन कुलकर्णीने २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये पुणेरी बाप्पा संघाविरुद्ध ११७ धावा करून त्याच सामन्यात चार बळी घेतले, तेव्हापासून आमच्या तरुण सलामीवीराला गोलंदाजीचा ध्यास लागलेला आहे. त्याची मध्यमगती अजून कच्ची असली तरी टप्पा चुकत नाही. या आठवड्यात रोज संध्याकाळी तो आणि शिक्षक मॅटवर एक रुमाल ठेवून त्यावर चेंडू टाकण्याचा सराव करत आहेत.

येत्या रविवारी वेगवान गोलंदाजांची शेवटची दोन षटके नवव्या आणि दहाव्यासाठी राखून ठेवायची, हे कर्णधाराने कागदावर लिहून घेतले आहे. नाणेफेक पावणेसातला होईल आणि पहिला चेंडू सातला, म्हणजे आपल्याकडे मेलबर्नला साडेअकराला पडेल. धावफलक दर चेंडूला क्रिकहिरोज या ॲपवर भरण्याची जबाबदारी मी स्वतः घेतली आहे.

आपला,
व्यवस्थापक