खाजगी जमिनीतून लोकांना फिरायला वाट द्यावी का?

उतारावरचा:
आमची डोंगरउतारावर जमीन आहे, वरच्या अंगाला झाडी आणि खाली शेत. मधून जुनी पायवाट जाते. आधी गुरं आणि जाणारीयेणारी माणसं असायची, आता सुट्टीच्या दिवशी ट्रेकवाले, सकाळी पळणारे, अधूनमधून सायकलवाले पण. एका ग्रुपने विचारलंय की आम्ही वाट नीट आखून खुणा लावतो, सगळ्यांसाठी खुली ठेवाल का. मला मनापासून द्यायचीये, पण घरच्यांना दोन भीती आहेत, कोणी पडलं तर आपल्यावर येईल का आणि दुसरी म्हणजे वर्षानुवर्षं लोक चालले की उद्या तो हक्कच होऊन बसेल का. धाकटा भाऊ तर म्हणतो सरळ तारेचं कुंपण घाल. जाणकारांनी सांगा प्लीज.

कोर्टाचीपायरी:
हक्काची भीती खरी आहे पण उपाय कुंपण नाही, कागद आहे. सुविधाधिकार कायदा १८८२ (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्यासारख्या हक्कांचा कायदा) चं कलम १५ बघा. वहिवाटीचा हक्क लागायला २० वर्षं उघडपणे, अखंड आणि 'हक्क म्हणून' वापर लागतो. तुम्ही परवानगी दिलीत म्हणून कोणी चालत असेल तर तो हक्क म्हणून चालत नाहीये, म्हणजे गप्प बसून चालू देण्यापेक्षा लेखी परवानगी देणं तुमच्यासाठी जास्त सेफ. इंग्लंडात पण हायवेज ॲक्ट १९८० मध्ये २० वर्षांचाच हिशोब आहे, म्हणून तिथले मालक 'ही वाट मालकाच्या परवानगीने' अशी पाटी लावतात आणि काहीजण वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवतात.

अजून एक, हे फार कमी लोक बघतात. त्याच कायद्याचं कलम ६०. परवानगीच्या जोरावर समोरच्याने स्वतःच्या खर्चाने पक्कं कायमचं काम केलं, तर करारात वेगळं ठरलेलं नसल्यास ती परवानगी मागे घेता येत नाही. म्हणून ग्रुपला सिमेंटच्या पायऱ्या, पूल असलं काही करू द्यायच्या आधी 'तरीही परवानगी रद्द करता येईल' हे स्पष्ट लिहून घ्या, आणि सही करायच्या आधी एकदा वकिलाला दाखवा.

चढउतार:
कायद्याचं वर आलंच, मी वाटेबद्दल बोलतो कारण जमिनीचं नुकसान तिथेच होतं. जुनी वाट सरळ उताराने खाली येत असेल तर पावसाचं पाणी तिच्यातूनच धावणार, दोन पावसाळ्यात तिची घळ होते, मग लोक चिखल टाळायला बाजूने चालतात आणि एका वाटेच्या चार होतात. वाट उताराला आडवी, हळूहळू चढणारी हवी. साधा नियम असा की वाटेचा चढ मूळ उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा, म्हणजे उतार ४०% असेल तर वाट २०% च्या आत आणि एकूण सरासरी १०% च्या आसपास. बाहेरच्या बाजूला थोडा कल द्या आणि मधेमधे छोटे खोलगट उतार ठेवा, पाणी तिथून बाहेर पडतं. लोकांना चांगली वाट दिसली की ते शेतात घुसत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. सायकलींना मात्र पहिल्या पावसाळ्यात परवानगी नको, नवीन माती बसलेली नसते.

फाटकउघडं:
पडण्याबिडण्याच्या जबाबदारीबद्दल. अमेरिकेत जवळपास सगळ्या राज्यांत यासाठी वेगळे कायदे आहेत, पैसे न घेता जमीन फिरायला खुली ठेवली तर मालकाची जबाबदारी बरीच कमी होते, पण धोका माहीत असून मुद्दाम सांगितला नाही तर सुटका नाही. न्यू हॅम्पशायर राज्यात तर शेती-जंगल म्हणून आधीच कमी मूल्यावर कर लागणारी जमीन अशी खुली ठेवली की करआकारणीत आणखी २०% सूट मिळते. आपल्याकडे असं सरळ संरक्षण नाही, पण त्यातली समज घेण्यासारखी आहे. तिकीट लावू नका, पैसे घेतले की सगळं नातं बदलतं. उघडी विहीर, सुटलेला कडा, मधमाश्या असतील तिथे ठळक पाटी लावा आणि वाटच तिथून लांब न्या.

शिवारधनी:
माझं मत थोडं वेगळं आहे. स्कॉटलंडचा २००३ चा कायदा सगळे उचलून धरतात, तिथे जवळपास सगळीकडे फिरता येतं, पण तिथेही घराच्या लगतची जागा आणि उभं पीक वगळलंय आणि जबाबदारीने वागणं ही अट आहेच. राबणाऱ्याच्या बाजूने पण बोला ना कोणीतरी. पेरणी, कापणी, वणव्याचे दिवस, या काळात वाट बंद ठेवायचा अधिकार तुमच्याकडेच राहू दे. कुत्रे बांधूनच आणायचे. आणि फाटक आपोआप बंद होणारं बसवा, कारण कितीही पाट्या लावा उघडं टाकून जाणारे जातातच, मग गुरं बाहेर.

उतारावरचा:
सगळ्यांचे खूप आभार, घरी वाचून दाखवलं. भाऊ पण म्हणतो की एका वर्षाची लेखी परवानगी, सायकल नाही, पक्कं बांधकाम नाही, एवढ्यावर त्याची ना नाही. फक्त एक राहिलं, लोक चाललेल्या वाटेचा ट्रॅक मोबाईलवरून नेटवर टाकतात त्याचं काय? परवानगी मागे घेतली तरी तो ट्रॅक राहणारच ना?

चढउतार:
राहतो, म्हणून आधी तुम्हीच टाका. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये (लोकांनीच बनवलेला मोफत ऑनलाइन नकाशा) वाटेसाठी 'मालकाच्या परवानगीने' असा प्रकार निवडता येतो, वाट बंद झाली की तो बदलता पण येतो. आणि ग्रुपला आत्ताच सांगून ठेवा की घराजवळून जाणारा ट्रॅक कोणी शेअर करायचा नाही.