रस्सा होतो, पण पूर्ण नाही

फुलपाखरू होताना कोषात अळीचा पार रस्सा होतो, मागचं काहीच उरत नाही, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. स्नायू आणि आतडं बरंचसं विरघळतं हे खरं, पण पंख, पाय, डोळ्यांच्या पेशींचे पुंजके अळीच्या अंगात आधीपासूनच असतात. श्वासनलिका टिकतात, मेंदूचीही फक्त फेररचना होते. २००८ च्या एका अमेरिकन प्रयोगात सुरवंटांना ठरावीक वास दिला की विजेचा हलका झटका देत. त्यांचे पतंग झाल्यावरही बरेचसे तो वास टाळत होते!

कोषाच्या रंगाचंही एक सांगतो: आमच्या कढीपत्त्यावरच्या अळ्या (लहान असताना दिसतात हुबेहूब पक्ष्याची शीट) पानांत कोष करतात तेव्हा तो हिरवा असतो. एकीने कुंडीतल्या वाळक्या काठीवर केला, तो तपकिरी निघाला.