हलत्या फळ्या सर्व्हरवरून हलवू नका

रोब्लॉक्स या गेम बनवायच्या-खेळायच्या प्लॅटफॉर्मवरच्या उड्यांच्या खेळात सगळंच सर्व्हरवर (खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर) चालवावं, म्हणजे कुणी फसवणार नाही, असं सुचवलं जातं. चेकपॉइंटपुरतं (पडल्यावर जिथून पुन्हा सुरू करता येतं ते वाटेतले टप्पे) अगदी पटतं. खेळाडू चौथ्यावर असेल तर सर्व्हरने फक्त पाचवाच मान्य करावा, मधले गाळून थेट बाराव्यावर उतरला तर सरळ दुर्लक्ष.

हलत्या फळ्यांचं मात्र वेगळं आहे. खेळाडूच्या पात्राची हालचाल त्याच्याच फोनवर ठरते, आणि सर्व्हरने ट्वीन केलेली, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे सलग सरकवलेली, फळी तिथे उशिरा आणि धक्के खात पोचते. भाचीच्या साध्या फोनवर मोबाइल डेटावर हे नीट दिसलं: पाय फळीवर टेकलेले दिसतात आणि पुढच्याच क्षणाला पोरगी खाली लाव्हात! चूक तिची नसते, म्हणून फार वाईट वाटतं. यावर उपाय म्हणजे फळी प्रत्येकाच्या फोनवरच हलवायची, पण तिची जागा सर्व्हरची वेळ सांगणाऱ्या 'गेटसर्व्हरटाइमनाऊ' या फंक्शनवरून काढायची. हे घड्याळ सगळ्यांचं जवळपास सारखं चालतं, त्यामुळे चौघं एकाच फळीवर उभे असले तरी ती सगळ्यांना एकाच ठिकाणी दिसते. आणि हो, खेळाडूंची आपसातली टक्कर कोलिजन ग्रुपमधून (काय कशाला आदळेल ते ठरवायची सोय) बंद करा, नाहीतर अरुंद फळीवर मुलं एकमेकांना ढकलत बसतात.