मुलांसोबत घरी काय केलंत? खळ, काड्या, माती, लगदा

मागच्या पावसाळ्यात सहा वर्षांच्या लेकीसाठी तयार क्राफ्टचा संच आणला. साडेचारशे रुपये. तुकडे आधीच कापलेले, त्यावर नंबर, मागे चिकटपट्टी. अर्ध्या तासात घुबड तयार झालं आणि तिने ते पुन्हा हातात धरलं नाही. रिकाम्या खोक्याला मात्र तिने खिडक्या पाडून घेतल्या, आत लसणाची सालं अंथरली आणि ते कोंबडीचं घर महिनाभर जपलं.

म्हणून विचारतेय: पंचवीस-तीस रुपयांच्या आत मुलांसोबत काय केलंत? काय फसलं तेही लिहा. आणि मुलाचा स्वतःचा हात त्यात किती होता, ते आवर्जून सांगा.

सुरुवात माझ्या खळीपासून. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मगच मंद गॅसवर ढवळत ठेवायचा. दाट आणि काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हाताशी अजिबात नको. बिनमोरचुदाची खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा थोडीच करा.

*

नाशिकहून लिहितोय. आमच्याकडे आकाशकंदील दरवर्षी घरीच होतो. बांबूच्या कामट्या तासणं मुलांचं काम नव्हे, म्हणून गेल्या वर्षी खराट्याच्या जाड काड्या घेतल्या. सारख्या लांबीच्या 24. चार-चार काड्यांचे 6 चौकोन दोऱ्याने बांधायचे आणि मग कोपऱ्याला कोपरा जोडत जायचं. मधे 8 त्रिकोण आपोआप तयार होतात, ते वेगळे करावे लागत नाहीत.

मुलगा नऊ वर्षांचा. पहिलाच चौकोन बांधला आणि तो तिरका झाला. सरळ केला, परत तिरका. रडकुंडीला आला. सहाही चौकोन जोडले तरी सांगाडा डुलतच होता. मी "दे इकडे" म्हणणार होतो, पण आमची आई म्हणाली, "अरे, कागद लागू दे त्याला." आणि तसंच झालं. चौकोनांवर पतंगाचा कागद ताणून चिकटवला, रात्रभर खळ वाळली, सकाळी बोटाने वाजवलं तर डफासारखा आवाज! सांगाडा ताठ. खाली झिरमिळ्या त्यानेच कापल्या, लहानमोठ्या झाल्या, तशाच ठेवल्या. आत छोटा एलईडी दिवा. गरम होणारा बल्ब कागदाजवळ नको.

*

चौकोन का लचकतो, ते मुलाला हातात देऊन दाखवता येतं. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊतून खेळणी करायला हजारो मुलांना शिकवलं. 2018मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची (बारीक रबरी नळीची) युक्ती आमच्या घरात कायमची आहे. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, दोन्ही टोकांत गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या खुपसायच्या. त्रिकोण करा, दाबा, हलत नाही. चौकोन लगेच कलतो. लेकीने चौकोनाच्या पोटात तिरकी काडी घालायचं स्वतःच शोधून काढलं. तिला आता लोखंडी पुलांच्या सांगाड्यांत सगळीकडे त्रिकोण दिसतात.

*

आम्ही कोल्हापूरकडचे. बेंदराला मातीचे बैल पुजतात. कुंभाराकडून जोडी आणतोच, पण नातवंडांसाठी गोळाभर जास्तीची माती मागून घेतो. शिंगं वाळली की गळून पडतात, ही दरवर्षीची तक्रार. त्याला उपाय आहे. डोक्यावर आणि शिंगाच्या बुडाशी काडीने चरे पाडायचे, पातळ चिखल लावायचा, मग दाबून बसवायचं. उन्हात ठेवायचं नाही, सावलीत वाळवायचं, नाहीतर पोटाला तडा जातो. धाकट्याचा बैल यंदा बसकाच राहिला, पाय उभे राहीनात. "दमलाय तो," म्हणाला. बसलेल्या बैलालाही पुरणपोळीचा निवद मिळाला.

*

नागपूर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात. चाकांचा मोठा बैल महाग पडतो. आम्ही बुटांच्या खोक्याचा केला, चाकं बाटल्यांच्या झाकणांची, आस जुन्या रिफिलची. झाकणाला भोक मोठ्यांनी पाडावं. भोक बरोबर मधोमध हवं, आमचं एक चाक थोडं बाजूला गेलं आणि बैल लंगडत चालला.

*

भेंडीचे ठसे कुणी लिहिले नाहीत अजून? देठाकडून आडवी कापा, हळदीच्या किंवा बिटाच्या पाण्यात बुडवा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर छान उठतात.

*

माझ्या आजेसासूबाई रद्दी भिजवून, मेथ्या घालून, पाट्यावर वाटून टोपल्यांसाठी लगदा करायच्या. मी मिक्सरमध्ये करते. उलट्या पातेल्यावर ओलं फडकं, त्यावर लगदा थापायचा. पावसाळ्यात करू नका. माझी टोपली आठवडाभर ओलीच राहिली आणि बुरशी आली. एप्रिलमध्ये चार दिवसांत खणखणीत वाळली.

*

जर्मनीत राहते. इथे 11 नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, अंधार पडल्यावर मुलं हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत चालतात. दिवाळी त्याच सुमारास येते, म्हणून आम्ही एकच कंदील दोन्हीसाठी करतो. फुगा फुगवायचा, पातळ रंगीत कागदाचे तुकडे खळीने त्यावर तीन-चार थर लावायचे, दोन दिवसांनी फुगा फोडायचा. फोडण्याचा मान लेकाचा. आधी घरात दारापाशी टांगतो, मग काठीला बांधून मिरवणुकीत. बालवाडीच्या ताईंनी मैद्याची खळ कशी करायची ते लिहून घेतलं.

*

धागा काढणारी मीच. नाशिकच्या दादांचं वाचून खराटा सोडला. काल तीन चौकोन बांधून झाले, गाठी सगळ्या लेकीच्या. उरलेल्या 12 काड्या तिने रबर लावून दप्तराच्या बाजूला ठेवल्यात, शाळेतून आल्यावर बांधायला.